सागरगोट्याच्या जाळीपाशी पाच दिवस

आईच्या फडताळात पितळेची एक लहान डबी होती. तिच्यात पाच सागरगोटे असायचे. आई गेल्यावर डबी माझ्याकडे आली तेव्हा मोजले तर चारच निघाले. यंदा दिवाळीत अकरा वर्षांच्या भाचीनं ते चार हातात घेऊन विचारलं, "मावशी, हे दगड आहेत का?" झाडाचं बी आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, "कुठल्या झाडाचं?" वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. गिलँडिना बाँडक हे नाव तोंडावर होतं, वाळवून कागदावर चिकटवलेली फांदीही पाहिली होती. पण जिथं तो वेल आपल्या मनासारखा वाढतो, तिथं उभं राहून मी तो कधी नीट पाहिला नव्हता. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोघी वेंगुर्ल्याला निघालो.

दिवस पहिला

पहाटे पुणं सोडलं. निपाणी, आजरा करत दुपारी आंबोलीला पोचलो. घाटात थांबायचा मोह होता, पण या खेपेला समुद्रच गाठायचा होता. सावंतवाडीत जेवलो आणि चारच्या सुमाराला वेंगुर्ल्यात उतरलो. सामान खोलीत टाकून थेट सागरेश्वरचा किनारा गाठला.

वाळूवर झाडं कशी क्रमानं येतात ते भाचीला दाखवायचं होतं. भरतीच्या रेषेवर काहीच उगवत नाही. तिच्या जरा वर मर्यादवेल, जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची. समुद्रानं इथवरच यावं असं सांगणारी म्हणून ती मर्यादवेल, हे आईनं मला सांगितलं होतं, ते मी भाचीला सांगितलं. तिच्यामागं काटेरी गवताचे गोल गोंडे वाऱ्यावर घरंगळत होते. त्याच्यामागं वाळूचा उंचवटा, आणि उंचवट्यापलीकडे सुरूची लागवड. केवडा आणि सुरू यांच्या मधल्या पट्ट्यात, अंधार पडता पडता, करड्या-हिरव्या रंगाचा एक ढीग दिसला. माणसाच्या दीडपट उंच, चांगला दहा-बारा पावलं लांब. लांबून कुणी गवताची उडवी रचून ठेवल्यासारखा. जवळ गेलो तर ढिगाच्या कडेला काटेरी शेंगा लोंबत होत्या. वारा आला की सुकलेल्या शेंगांतून खुळखुळ आवाज येई. भाची म्हणाली, "हेच ना?" हेच होतं. अंधार झाला म्हणून परत फिरलो.

दिवस दुसरा

सकाळी साडेसहाला पुन्हा तिथंच. हातात भिंग, कात्री, मोजपट्टी आणि जाड हातमोजे. हातमोज्यांचा उपयोग फारसा झाला नाही, त्याचं कारण पुढं येतंच.

हा वेल चढतो कसा, हे आधी पाहायचं होतं. वेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काकडीचे ताणे किंवा गुळवेलीचा पीळ येतो. सागरगोट्याला ताणे नाहीत आणि तो कशाला पीळही घालत नाही. त्याचं सगळं काम आकड्यांवर चालतं. खोडावर काटे असतातच, पण खरी करामत पानात आहे. एक पान म्हणजे हातभर लांबीचा दांडा. त्या दांड्यावर समोरासमोर उपदांड्यांच्या जोड्या, आणि प्रत्येक उपदांड्यावर पुन्हा पर्णिकांच्या जोड्या. आमच्या भाषेत याला द्विपिच्छाकृती पान म्हणतात. मोजलेल्या पानाला सात जोड्या उपदांडे होते आणि प्रत्येकावर नऊ-दहा जोड्या पर्णिका. म्हणजे ज्यांना माणूस अडीचशे-पावणेतीनशे पानं समजेल, ते सगळं मिळून एकच पान. हे पान उलटं करून पाहिलं. दांड्याच्या खालच्या अंगाला, उपदांडे फुटतात तिथं, मांजराच्या नखासारखे मागं वळलेले काटे होते. टोक खोडाकडे, पाठ शेंड्याकडे. कोवळा शेंडा वाऱ्यानं पुढं ढकलला जातो तेव्हा पान शेजारच्या फांदीवरून सहज घसरतं. मागं यायला लागलं की आकडा अडकतो. प्रत्येक झुळकीबरोबर वेल थोडा पुढं सरकतो आणि तिथंच टिकतो. समुद्रावरचा वारा बाकीच्या झाडांना खुरटवतो, या वेलाला तोच वारा जिना चढवतो.

पानाच्या तळाशी आणखी एक खूण आहे. बहुतेक झाडांची उपपर्णं बारीक, खवल्याएवढी असतात आणि आपलं लक्षही जात नाही. इथं ती मोठी, चिरलेली, छोट्या पानासारखीच दिसतात. फूल-शेंग काही नसताना वेल ओळखायचा असेल तर कोवळ्या शेंड्याजवळ ही उपपर्णं पाहावीत. जून पानांची ती गळून पडलेली असतात.

फुलांचा बहर संपत आला होता. एका उभ्या मंजरीच्या टोकाला पाच-सात पिवळी फुलं आणि खाली गळून गेलेल्या फुलांचे नुसते देठ. त्याच झुडपावर पोपटी कोवळ्या शेंगा, तांबूस होत चाललेल्या शेंगा आणि गेल्या हंगामातल्या काळपट, उघडलेल्या शेंगाही होत्या. शेंग लांबट-गोल, तळहातात मावेल एवढी. मोजपट्टीवर साडेसहा सेंटीमीटर लांब आणि साडेचार रुंद भरली. तिच्यावर सरळ, ताठ काटे. पानावरचे काटे वाकडे आणि शेंगेवरचे सरळ, हा फरक भाचीनंच टिपला. वाकडे काटे चढण्यासाठी, सरळ काटे कोवळं बी राखण्यासाठी, असं मी तिला सांगितलं.

उघडलेल्या शेंगेत दोन सागरगोटे शेजारी शेजारी, आखूड देठाला धरून बसले होते. रंग ओल्या पाट्याचा. शेंग उघडली तरी बी लगेच पडत नाही. आठवडेच्या आठवडे तसंच बसून राहतं आणि वारा आला की वाजतं. एक घ्यावं म्हणून हातमोजा घातलेला हात आत घातला, बी उचललं, आणि हात बाहेर येईना. आकड्यांनी मोज्याची वीण धरली होती. जितकं ओढावं तितकं घट्ट. शेवटी मोजा तिथंच सोडून हात काढला तर मनगटावर तीन लांब ओरखडे.

मागून आवाज आला, "बाय, असो हात ओढू नको. काटे उलटे आसत. आत जाताना काय नाय, भायर येताना धरून ठेवतत."

पलीकडच्या वाडीतल्या आजी होत्या, डोक्यावर सुरूच्या वाळक्या काटक्यांचा भारा. त्यांनी भारा खाली ठेवला, मोजा जिथं अडकला होता तिथली फांदी आधी थोडी आत ढकलली, मग अलगद वर उचलली. मोजा सुटला. आम्ही नाव विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे ह्येका गजगो म्हणतत." घाटावरही काही भागात गजगा म्हणतात, शेजारच्या कन्नडमध्ये गज्जिग आहे. आजींनी आम्हाला घरी नेलं आणि परसामागचं कुंपण दाखवलं. सगळं कुंपण गजग्याचंच, त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं. "ह्या कुंपणातसून गुरां येनत नाय, रानडुकर पण येना नाय," त्या म्हणाल्या. एका जागी मात्र तीन-चार हात कुंपण मोडलं होतं. रस्त्याच्या कामाला आलेल्या यंत्रानं तेवढं उपटलं आणि पुन्हा कुणी लावलं नाही. आजी त्या खिंडारात माडाच्या झावळ्या उभ्या करतात आणि गुरं त्या पाडतात.

त्या घरात बाळगुटीसाठी सागरगोटा सहाणेवर उगाळला जाई. ताप हटेना तेव्हा भाजलेल्या गराची चिमूट मिऱ्याबरोबर देत. संस्कृतातलं नाव लताकरंज. दुसरं एक नाव कुबेराक्ष, म्हणजे कुबेराचा डोळा, आणि कुबेराक्ष वटी आजही औषधाच्या दुकानात मिळते. गर अतिशय कडू असतो. औषध म्हणून तो वैद्यांच्या हातातच राहू द्यावा असं माझं मत आहे. मुलांना मात्र एक गोष्ट अजूनही ठाऊक आहे. सागरगोटा फरशीवर जोरजोरात घासला की चटका बसण्याइतका तापतो. आजींच्या नातवानं माझ्या भाचीच्या हाताला तो लावून दाखवला आणि ती किंचाळली.

रात्री खोलीत दिव्याखाली भिंगातून एक बी पाहिलं. लांबून गुळगुळीत वाटणाऱ्या कवचावर केसासारख्या बारीक चिरा असतात. एकाखाली एक, समांतर, गोल फिरत गेलेल्या. नकाशावर समान उंचीच्या रेषा काढतात तशा. कानाशी हलवलं तर आत काहीतरी हललं. गराच्या दोन डाळिंब्या सुकून आकसतात, कवच मात्र आकसत नाही, म्हणून आत पोकळी राहते. ती पोकळी म्हणजेच या बियांची होडी.

दोन बिया मी निवडल्या. एकीला बाजूनं पॉलिश पेपरनं घासून आतला पांढरा थर दिसेल एवढी खाच पाडली, दुसरी जशीच्या तशी ठेवली. दोन्ही दोन पेल्यांत गोड्या पाण्यात टाकल्या आणि झोपलो.

दिवस तिसरा

मांडवी खाडीत स्थानिक बायकांचा बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो. वल्हीही त्याच मारतात, माहितीही त्याच देतात. भरती साधून सकाळी नऊला निघालो. चिपी, तिवर, कांदळ यांची ओळख त्यांनीच करून दिली आणि उत्तम करून दिली. माझं लक्ष मात्र झाडांवर चढलेल्या वेलांकडे होतं.

पहिला भेटला तो डेरिस ट्रायफोलिएटा, करंजवेल. तकतकीत पानं, एका पानाला तीन किंवा पाच पर्णिका. काटा कुठंच नाही. हा पीळ घेत चढतो आणि कांदळवनाच्या माथ्यावर हिरवी चादर पसरतो. शेंग चपटी, कडेला अरुंद पंख, बहुधा एकच बी. तीही पाण्यावर तरंगते. याच्या मुळात आणि खोडात माशांना गुंगी आणणारं द्रव्य असतं. वेल ठेचून साचलेल्या पाण्यात टाकून मासे धरायची रीत पुष्कळ देशांच्या किनाऱ्यांवर होती.

दुसरा वेल खाडीच्या काठावर, जिथं भरतीचं पाणी जेमतेम पोचतं तिथं दिसला. आकडे सागरगोट्यासारखेच, पण पर्णिका थोड्या, मोठ्या आणि चकचकीत. शेंग चपटी, वर काटे नाहीत, आत बी एक. हा सीसॅल्पिनिया क्रिस्टा. वैद्यकाच्या कित्येक पुस्तकांत सागरगोट्याच्या नावापुढं हेच नाव छापलेलं असतं आणि त्यामुळे पिढ्यानपिढ्या घोटाळा चालू आहे. दोन्ही एका किनाऱ्यावर, हाकेच्या अंतरावर वाढतात. एक वाळू धरून, दुसरा खाडीचा चिखल धरून. शेंगेवर काटे आहेत की नाहीत एवढं पाहिलं तरी गोंधळ मिटतो.

नावाची कथा इथंच सांगते, कारण परतीच्या होडीत भाचीला तीच सांगत होते. झाडांना दुहेरी लॅटिन नावं देणाऱ्या लिनीयस या शास्त्रज्ञानं 1753 साली सागरगोट्याला गिलँडिना बाँडक म्हटलं. गिलँडिना हे सोळाव्या शतकात इटलीतल्या पादुआच्या बागेत काम करणाऱ्या मेल्किओर वीलांट या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लॅटिन नावावरून. कलकत्त्याच्या बागेत काम केलेल्या रॉक्सबर्गनं त्याला सीसॅल्पिनिया या गटात घातलं आणि आम्ही सगळे तेच शिकलो. अलीकडे जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा तो मोठा गोतावळा फोडावा लागला आणि सागरगोट्याला लिनीयसचं जुनं नाव परत मिळालं. बाँडक हा शब्द अरबी बुंदुकवरून आलेला. बुंदुक म्हणजे एक कवचाचं फळ, आणि त्यावरून लहान गोळी. गोळी उडवणारी ती बंदूक. आपल्या रोजच्या शब्दाची आणि या बियाची नाळ अशी एक आहे.

त्याही आधी, 1678 पासून ॲमस्टरडॅमला छापल्या गेलेल्या होर्तुस मलबारिकुस या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाच्या बारा खंडांत केरळच्या किनाऱ्यावरचा हा वेल चित्रासह आला आहे. त्या ग्रंथासाठी झाडांची माहिती देणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोकणी वैद्य होते. त्यांची 1675 सालची साक्ष कोकणीत, नागरी अक्षरांत ग्रंथाच्या सुरुवातीला छापली आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार वेळ त्या पानावरून डोळे हलले नव्हते.

खोलीवर परतलो तेव्हा खाच पाडलेलं बी फुगलं होतं. कवच मऊ पडून हिरवट झालं होतं आणि आकार जवळजवळ दीडपट. दुसरं बी होतं तसंच, टणक.

दिवस चौथा

एसटीनं शिरोड्याला गेलो. 1930 च्या सत्याग्रहामुळे ज्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे ती मिठागरं वाटेत पाहिली. मग किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेवरून चालत राहिलो. ओहोटीला समुद्र जे टाकून जातो त्या पट्ट्यात तासभर वाकून चाललं की पाठ भरून येते, पण हाती बरंच लागतं. उंडीची फळं, माडाच्या शेंडी, प्लास्टिकच्या बाटल्या भरपूर, आणि त्यातच दोन सागरगोटे. शिवाय भाचीला सापडलं ते तळहाताएवढं, चपटं, काळपट तपकिरी, गोल बी. गारंबी! हाही वेलच, पण डोंगरातला, माणसाच्या मांडीएवढ्या खोडाचा. त्याची शेंग मीटरभराहूनही लांब असते आणि पेरापेरानं तुटते, दर पेरात एक बी. ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात असा प्रवास करून ते बी इथं पोचलं होतं. सागरगोटा किनाऱ्यावर जन्मतो आणि गारंबी डोंगरातून येते, पण लाटेवर दोघांची गाठ पडते.

आमचा प्रयोग खानावळीच्या अंगणात झाला. बादलीत समुद्राचं पाणी आणलं आणि तीन दिवसांत जमवलेले वीस सागरगोटे त्यात टाकले. चौदा तरंगले, सहा बुडाले. भरतीच्या रेषेवर सापडलेले दोन्ही तरंगले. तरंगणारे कानाशी हलवले तर बहुतेक वाजत होते. बुडालेल्यांतला एकही वाजला नाही. वीस बियांवरून नियम सांगता येत नाही, हे भाचीला बजावलं, तरी तिनं वहीत तक्ता आखलाच.

कवचातून पाणी शिरत नाही आणि आत हवा असते, म्हणून हे बी महिनोन्महिने समुद्रावर राहू शकतं. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या बेटांवर अशा बिया वाहून येत आणि तिथले लोक त्या ताईत म्हणून बाळगत. त्या थंडीत हा वेल उगवत नाही, त्यामुळे बिया येतात कुठून याचं सगळ्यांना कोडं होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस हॅन्स स्लोन या वैद्यानं लिहिलं की यातल्या काही त्यानं जमैकात वेलीवर पाहिल्या आहेत. म्हणजे अटलांटिक ओलांडून आलेल्या. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक सगळ्या किनाऱ्यांवर आज सागरगोटा आहे, तो असा लाटेवरून गेलेला. आपण त्याला ‘सागर’गोटा म्हणतो त्यात हे सगळं आधीच आलेलं आहे.

दुपारी परतताना सड्याखालच्या एका किनाऱ्यावर उतरलो. गेल्या वर्षी इथं मोठी जाळी पाहिल्याचं एका मैत्रिणीनं सांगितलं होतं. तिथं सपाट केलेली वाळू, तारेचं कुंपण आणि शोभेच्या झाडांच्या कुंड्या होत्या. जागा स्वच्छ केली, असं तिथल्या माणसानं सांगितलं. काट्यांची झुडपं म्हणजे कचरा, ही समजूत मला असह्य होते. त्या जाळीत बुलबुल घरटी करतात, मुंगूस दडतं, तिच्या मुळांनी आणि पालापाचोळ्यानं वाळू जागेवर राहते. पावसाळ्यात तीच वाळू उडून आणि वाहून गेली की दगडी बांधाची मागणी होते. मी त्या माणसाला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, पण निर्णय त्याच्या हातात नव्हता.

दिवस पाचवा

दुपारची गाडी होती. सकाळी आजींकडे गेलो. त्यांनी ओसरीवर बसकण मारली आणि भाचीला खेळ शिकवला. पाच सागरगोटे जमिनीवर पसरायचे, एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन उचलायचे. आजींची बोटं आता पुरती मिटत नाहीत, पण उडवलेला गोटा एकदाही जमिनीवर पडला नाही. मी पर्समधून आईचे चार काढून दिले. आजींनी ते तळव्यावर फिरवले. "ह्ये लय हातातसून गेलेले आसत," त्या म्हणाल्या. खरंच, किनाऱ्यावरच्या नव्या बिया त्यांच्यापुढं मंद दिसत होत्या. पाचवा आजींनी त्यांच्या डब्यातून निवडून दिला. त्यांच्या लग्नाच्या वेळचा होता म्हणे. मी घेईना तर रागावल्या, "घे गो, माज्याकडे जाळीच आसा."

मग आम्ही फुगलेलं बी घेऊन कुंपणाच्या खिंडारापाशी गेलो. भाचीनं बोटभर खोल खळगा केला आणि बी ठेवून वर वाळू-माती लोटली. आजींनी तांब्यातून पाणी घातलं. कोंबड्या उकरतील म्हणून शेजारच्या वेलाची एक वाळकी काटेरी फांदी कोयत्यानं तोडून त्यावर आडवी टाकली.

"कुंपण व्हायला किती दिवस लागतील?" भाचीनं विचारलं.

"दोन पावसाळे जावक होये," आजी म्हणाल्या, आणि तांब्या घेऊन विहिरीकडे गेल्या.